मनाचा आजार : बाईचा आणि बाप्याचा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरून एखाद्या विदुषी बाईंना बोलावतो. यंदा असे ठरले की मंडळातल्याच एका बाईने बोलावे आणि विषयही तिनेच निवडावा. तो मान माझ्याकडे आला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. लोणची-पापडांवर बोलले असते तर मला सोपे गेले असते आणि तुम्हालाही गोड वाटले असते. पण एक विषय गेली वीस वर्षे माझ्या घरात वावरतो आहे. तो इतरही घरांत असतो. त्याच्याविषयी आपण पाणी भरताना कुजबुजतो, सभेत मात्र बोलत नाही. म्हणून आज सभेतच बोलते.

हा विषय म्हणजे मनाचा एक मोठा आजार. त्याला डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणतात, मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. माझे धाकटे दीर आणि माझी मावसबहीण, दोघांनाही हा आजार आहे. दोघांना विचारूनच बोलते आहे. बहीण म्हणाली, "ताई, नाव घेऊ नकोस, बाकी काय ते सांग." भाऊजी म्हणाले, "सांगा वहिनी. पण मी कापडाच्या घड्या सरळ घालतो, हेही सांगा." ते मी आधीच सांगून टाकते.

प्रथम आजाराविषयी थोडे. स्किझोफ्रेनिया हे नाव १९०८ साली ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी दिले. सिनेमात दाखवतात तशी एका माणसात दोन माणसे राहतात, असा हा आजार नव्हे. यात माणसाला कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात; त्याला भास म्हणतात. कोणी आपल्यावर पाळत ठेवून आहे, अन्नात काही घालत आहे, असे मनात पक्के बसते आणि कितीही समजावले तरी निघत नाही. त्याला भ्रम म्हणतात. बोलण्याचा धागा तुटतो. ही झाली दिसणारी लक्षणे. दुसरी लक्षणे गुपचूप येतात. माणूस बोलेनासा होतो, हसेनासा होतो, आंघोळ टाळतो, कशात रस घेत नाही, दिवसभर भिंतीकडे बघत बसतो. जगभरात सुमारे तीनशे-साडेतीनशे माणसांमागे एकाला हा आजार असतो. म्हणजे आपल्यासारख्या गावात तो कोणाकडेच नाही, असे होणारच नाही.

आता मला जे सांगायचे आहे ते असे, की हा आजार एकच असला तरी बाईत आणि बाप्यात तो वेगळ्या तऱ्हेने दिसतो. आणि त्याहूनही जास्त, आपण घरातली माणसे त्या दोघांशी वेगळ्या तऱ्हेने वागतो. पहिला फरक निसर्गाचा आहे. दुसरा आपला आहे.

माझ्या घरचेच सांगते. भाऊजी २००४ साली आजारी पडले, तेव्हा त्यांना विसावे चालू होते. बारावीनंतर एका मागाच्या कारखान्यात काम शिकत होते. आधी त्यांचे मित्र सुटले. मग काम सुटले. मग जेवायला ताटावर येईनात. आवाज ऐकू येतात हे त्यांनी पुष्कळ दिवस कोणाला सांगितलेच नाही. दिसत होते ते एवढेच, की एवढा धडधाकट मुलगा दुपारी बारापर्यंत अंथरुणात पडून राहतो. मामंजी त्यांना आळशी म्हणत, ऐतखाऊ म्हणत. कोणी म्हणाले मित्रांची संगत वाईट, कोणी म्हणाले नशा करतो. एका नातेवाईकांनी तर सांगितले, "लग्न करून टाका, जबाबदारी पडली की सरळ येईल." सासूबाईंनी तेवढे होऊ दिले नाही. त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या लेकीला औषध म्हणून आणायची नाही." माझ्या सासूबाई अंगठा उठवणाऱ्या होत्या, पण हे वाक्य मला पुष्कळ शिकलेल्यांच्या तोंडून अजून ऐकायला मिळालेले नाही.

माझी मावसबहीण माझ्याहून चार वर्षांनी लहान. ती २०१४ साली आजारी पडली, एकतिसाव्या वर्षी. दोन मुले झालेली, संसार बसलेला. तिच्या आजाराचे सोंगच निराळे. ती अंथरुणात पडून राहिली नाही. पहाटे उठायची, डबे करायची, मुलांना शाळेत सोडायची. फक्त शेजारीण आपल्याविषयी नळावर वाईट बोलते, नवरा तिला सामील आहे, असे तिला वाटू लागले होते. मग ती रडायची. देवघरासमोर तासन्‌तास बसायची. घरचे म्हणाले संशयी आहे, भांडखोर आहे. मग कोणी म्हणाले अंगात येते. मग कोणी म्हणाले बाहेरचे आहे. अंगारे झाले, लिंबू उतरवून झाले. डॉक्टरकडे नेईपर्यंत दोन वर्षे गेली. का गेली? कारण पोळ्या होत होत्या. भगिनींनो, ज्या घरात पोळ्या वेळेवर होतात त्या घरातली बाई आजारी आहे असे कोणाला वाटतच नाही.

पुढे दोघांच्या औषधासाठी मी सरकारी रुग्णालयाच्या बाकावर वर्षानुवर्षे बसले. डॉक्टरांना विचारत गेले. माझी मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते. ती पुस्तकातले मराठीत करून मला सांगते. त्यातून कळले की माझ्या दोन माणसांत जो फरक मी पाहिला तो जगभर पुष्कळ ठिकाणी डॉक्टरांनी पाहिलेला आहे.

पुरुषांना हा आजार साधारणपणे लवकर गाठतो, अठरा ते पंचवीसच्या सुमारास. बायकांना तो सरासरीने तीन ते पाच वर्षे उशिरा येतो, पंचविशीनंतर तिशीच्या आसपास. आणि काही बायकांना पाळी जाण्याच्या वयात, पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच येतो. पुरुषांत तसा दुसरा चढ दिसत नाही. आपल्या देशातल्या काही पाहण्यांत वयाचा हा फरक फारसा दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पुरुषांमध्ये गुपचूप येणारी लक्षणे जास्त असतात: अबोला, निरुत्साह, एकलकोंडेपणा. दारू-तंबाखूचे व्यसनही त्यांच्यात जास्त जडलेले आढळते. बायकांमध्ये उदासपणा, रडू, भीती हे आजारात जास्त मिसळलेले असते. आणि माणसांत मिसळणे, घर चालवणे हे त्यांना पुरुषांपेक्षा जास्त दिवस जमते. पहिल्या काही वर्षांत औषधाचा गुणही बायकांना बहुधा बरा येतो. फार वर्षांनी, उतारवयात पाहिले तर मात्र हा फरक कमी होत जातो. आणि हे सारे सरासरीचे बोलणे आहे. अबोल झालेल्या बायकाही असतात आणि रडणारे पुरुषही असतात.

असे का होते? एक कारण वयाचे. विशीत आजार आला तर शिक्षण अर्धे, हाताला कसब नाही, लग्न नाही. उभे राहायच्या आतच माणूस बसतो. तिशीत आला तर तोवर काही तरी हाती लागलेले असते. दुसरे कारण शरीराचे. बाईच्या अंगात ईस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक असते. ते मेंदूला काही अंशी सांभाळून घेत असावे, असे पुष्कळ तज्ज्ञांचे मत आहे. म्हणून पाळीच्या आधीच्या दिवसांत, बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत आणि पाळी जाताना, म्हणजे ते जेव्हा कमी होते तेव्हा, काही बायकांचा आजार उचल खातो. माझी बहीण दर महिन्याला ठरावीक चार दिवस जास्त अस्वस्थ असते, हे मावशीने कॅलेंडरवर खुणा करून करून ओळखले आणि डॉक्टरांना दाखवले. डॉक्टर म्हणाले, अशी नोंद प्रत्येक घराने ठेवावी.

आता रोजच्या व्यवहाराकडे वळते, कारण खरी मेख तिथेच आहे.

औषधाने भास थांबले, की आपण विचारतो: बरा झाला का? पण बरे होणे आपण कशाने मोजतो? पुरुषाला मोजतो त्याच्या पगाराने आणि बाईला तिच्या स्वयंपाकाने. भाऊजींचे आवाज दोन वर्षांत पुष्कळ कमी झाले, पण कामावर जायला त्यांना आणखी सहा वर्षे लागली. ती सहा वर्षे जगाच्या लेखी ते आजारीच, नव्हे आळशीच. त्या काळात ते न सांगता झाडांना पाणी घालू लागले, माझ्या मुलीला शाळेतून आणू लागले, ही केवढी प्रगती होती! पण ती हिशेबात धरायला कोणी तयार नव्हते, कारण ते पैसे आणत नव्हते. शेवटी एका ओळखीच्या कारखानदाराने त्यांना कापडाच्या घड्या घालायच्या कामावर चार तास घेतले. गोंगाट सोसत नाही म्हणून खोली वेगळी दिली. आज दहा वर्षे ते काम टिकून आहे.

उलट माझी बहीण औषध सुरू होऊन महिन्याभरात चुलीपुढे उभी राहिली. घरचे म्हणाले, "बरी झाली." औषधाने तिच्या हातांना कंप होता, जिभेला जडपणा होता, डोळ्यांवर झापड होती. पण भाकरी थापत होती ना? मग बरी. भाऊजींना विश्रांती जास्त मिळाली आणि मान कमी. बहिणीला मान तर नाहीच, विश्रांतीही नाही. दोन्हीकडे मोजमाप खोटे. बरे होणे म्हणजे झोप नीट लागणे, भूक लागणे, भीती कमी होणे, चार माणसांत बसवणे, स्वतःला काही करावेसे वाटणे. हे जोवर नाही तोवर पोळ्या कितीही गोल झाल्या तरी ती बरी नव्हे.

औषधांचेही बाईचे आणि बाप्याचे निराळे असते. काही औषधांनी पाळी लांबते किंवा थांबते, कधी छातीतून दूध येते. बहिणीच्या सासरी तिची पाळी थांबली तेव्हा दिवस गेले असे समजून औषधच बंद केले, आणि दीड महिन्यात सारे उलटले. असे झाले तर लाज न धरता डॉक्टरांना सांगावे. औषध बदलून मिळते. वजनही वाढते, अशा बाईला "सुखात आहेस ग" म्हणून चिडवू नये. उपवासाच्या दिवशी गोळी सोडू नये. देव गोळीने बाटत नाही. सणासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. दिवस राहावेत अशी इच्छा असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे, आपल्या मनाने औषध तोडू नये. बाप्यांच्या बाबतीत लक्षात ठेवायचे ते विडी-सिगारेटचे. तिच्या धुराने काही औषधांचा अंगातला अंमल कमी होतो. आणि विडी एकदम सोडली तर तो वाढतो. म्हणून दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या कानावर हव्यात.

आता लग्नाचे. हे बोलायला जीभ अडते, तरी बोलते. माझ्या ओळखीत नवरा आजारी असलेल्या तीन बायका आहेत. तिघीही नांदत आहेत. बायको आजारी असलेली तीन घरे आहेत. त्यांतल्या दोघी माहेरी आहेत. माझी बहीण त्यांतली एक. तिला औषधाच्या पिशवीसकट मावशीच्या दारात आणून सोडले. मुले तिकडेच राहिली. मावशी आज सत्तरीच्या पुढे आहे.

हे आपल्याकडेच आहे असे नाही. चेन्नईला स्कार्फ नावाची संस्था १९८४ पासून या आजारावर काम करते. तिथल्या डॉ. आर. थारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लग्न मोडलेल्या आजारी बायकांची चौकशी करून २००३ साली ती प्रसिद्ध केली. पुष्कळ जणी म्हाताऱ्या आईबापांच्या आधाराने राहत होत्या. कायद्याने फारकत नाही, पोटगीही नाही. आणि त्यांना आजाराच्या डागापेक्षा नवऱ्याने टाकल्याचा डाग जास्त जाचत होता. हे मुलीने वाचून दाखवले तेव्हा मला वाटले, ही तर माझ्या मावशीच्याच घरची गोष्ट.

२००४ साली 'देवराई' नावाचा मराठी चित्रपट आला होता. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी तो काढला. त्यात या आजाराचा भाऊ आहे आणि त्याच्यासाठी झटणारी बहीण आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. पण मनात एक विचार करून पाहा. बहीण आजारी आणि भाऊ रजा काढून तिला दवाखान्यात नेतो आहे, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे चटकन उभे राहते का? सांभाळणे हे काम सगळीकडे बाईचे. आजारी बाप्याला सांभाळायला आई, बायको, बहीण, वहिनी असतात. आजारी बाईला सांभाळायलाही बाईच, आणि ती बहुधा थकलेली आई.

कायदा काय म्हणतो तेही माहीत हवे. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात १९७६ साली दुरुस्ती होऊन घटस्फोटाच्या कारणांत या आजाराचे नाव आले. ते ऐकून बायकांना धाक घालतात. पण नुसता आजार आहे एवढ्याने घटस्फोट मिळत नाही. आजार इतका तीव्र हवा की जोडीदाराने एकत्र राहावे अशी वाजवी अपेक्षाच करता येऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली सांगितले. २०१३ साली एका डॉक्टर बाईच्या खटल्यात नवऱ्याने हेच कारण दाखवले होते, तेव्हा न्यायालयाने त्याला घटस्फोट दिला नाही. मात्र दुसरी बाजूही सांगते: आजार लपवून लग्न लावू नये, मुलाचेही नाही आणि मुलीचेही नाही. लपवलेले औषध चोरून खावे लागते, आणि चोरून खाल्लेले औषध सुटते.

मानसिक आरोग्याचा नवा कायदा २०१७ चा. तो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. सरकारी सेवेत उपचार मिळणे हा आता हक्क आहे. आजारी माणसाला साखळीने बांधता येत नाही. रुग्णालयात ठेवलेल्या आईपासून तीन वर्षांच्या आतले मूल सहसा तोडायचे नाही, असेही त्यात आहे. आणि भूत उतरवतो म्हणून मारझोड करणे, दोरखंडाने बांधणे हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी मनोरुग्णालये आहेत. आणि घरबसल्या विचारायचे असेल तर १४४१६ हा टेलि-मानस सेवेचा फुकट दूरध्वनी आहे. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाला, आणि तिथे मराठीतही बोलता येते.

भगिनींनो, एवढे सगळे सांगून मी तुमच्याकडून काय मागते? चारच गोष्टी मागते.

पहिली : विशीतला मुलगा एकाएकी मित्र तोडून खोलीत बसू लागला तर त्याला आळशी म्हणण्याआधी डॉक्टरांना दाखवा. दुसरी : कोणी सून, लेक, शेजारीण एकाएकी संशयी, रडवी, भयभीत झाली, तर ती स्वयंपाक करते आहे एवढ्यावर जाऊ नका; तिलाही दाखवा. बाळंतिणीच्या बाबतीत तर एक दिवसही थांबू नका. तिसरी : "लग्न करा, बरा होईल" आणि "मूल होऊ द्या, बरी होईल" ही दोन वाक्ये आपल्या मंडळात आजपासून कोणी उच्चारू नयेत.

चौथी मंडळाकडे मागते. दर महिन्याला औषधाला जायचा एक दिवस असतो. मावशीसारख्या म्हाताऱ्या आईला तो प्रवास आता झेपत नाही. आपल्यातल्या दोघी-दोघींनी पाळीपाळीने अशा घरच्या बाईबरोबर जावे. आणि उन्हाळ्यात मंडळाचे पापड होतात तेव्हा माझ्या बहिणीला लाटायला बोलवावे. उपकार म्हणून नव्हे. तिचा हात चांगला आहे, आणि इतरांना मिळते तीच मजुरी तिला द्यावी. ती कधी बोलणार नाही, कधी मध्येच उठून दारात जाऊन उभी राहील. तिच्याकडे टक लावून पाहू नका. थोड्या वेळाने ती आपणच परत येऊन बसते.

मावशी मला नेहमी विचारते, "माझ्यामागे हिचे कोण?" मला अजून तिला धड उत्तर देता आलेले नाही. एका घराला ते देता येणारही नाही. चाळीस घरांना मिळून देता येईल, असे वाटते, म्हणून हा प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवला.